टिलीच्या भावाचा सिनेमा

चौदाव्या रस्त्यावरच्या पाच-दहा सेंटांच्या दुकानात टिली झारेत्स्कीनं सतरा वर्षं पियानो बडवला. वाजवला नव्हे, बडवला. हा तिचाच शब्द. तळमजल्यावर एकीकडं मोजे, दुसरीकडं चाळण्या आणि किसण्या, आणि मध्ये छापील गाण्यांचा काउंटर. गिऱ्हाइकानं कागद उचलून "हे कसं आहे हो?" म्हणायचा अवकाश, टिलीनं ते तिथल्या तिथं वाजवून दाखवायचं. सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत. चाल रद्दी असली तरी हसत वाजवायची, कारण मागं मॅनेजर उभा. पुढं घरोघरी रेडिओ आला, मग कागद कोण घेतो? काउंटर गेला, त्या जागी साबण आले आणि टिली घरी बसली. तेव्हापासून ब्रॉन्क्समधल्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ती आसपासच्या पोरांना पियानो शिकवायची आणि चुकलं की त्यांच्या बोटांवर पट्टी मारायची.

लग्न केलं नाही. का नाही, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. आणि विचारायचं तरी कशाला? कारण रोज तिच्याच टेबलाशी बसून जेवत होतं. पर्ल, तिच्या भावाची मुलगी.

भाऊ म्हणजे हर्शेल. छापील कागदांवर त्याचं नाव 'हॅरी झारेट' असं यायचं. शब्द त्याचे, चाल त्याच्या मित्राची, लेबलची. लेबल वाइनश्टॉक म्हणजे ते सगळे डाउनटाउनला राहत होते तेव्हाचा खालच्या मजल्यावरचा, कोंबड्या विकणाऱ्याचा मुलगा. तो कागदावर 'लिओ व्हॅन्स' झाला आणि पुढं तेच नाव त्याला इतकं आवडलं की आईच्या पत्रावरही त्याच नावानं सही करायला लागला. म्हातारीनं ते पत्र शेजारणीला दाखवून विचारलं होतं म्हणे, "हा कोण माणूस मला आई म्हणतोय?"

हर्शेल बोलताना अडखळायचा. थोडाथोडका नाही, खाटकाकडं पौंडभर मांस मागायचं तर टिलीला पुढं करायचा. पण लेबलनं पियानोवर चाल वाजवली की हाच माणूस धडाधड शब्द टाकायचा. त्यांच्या धंद्यात चाल आधी यायची आणि शब्द मागून. तोवर चाल निसटू नये म्हणून काहीबाही बडबड तिच्यात भरून ठेवायची, त्या बडबडीला 'डमी' म्हणत. हर्शेलच्या डमीत अंडी असायची, टिलीची हरवलेली छत्री असायची, घरमालकाच्या कुत्र्याचं पोट असायचं. चालीच्या मापात बसलं म्हणजे झालं. मग खरे शब्द सुचले की डमीचा कागद चुलीत.

सगळ्यात गाजलं ते 'जिन्यावर थांब जरा'. एकोणीसशे सत्तावीस साली नाच जिथं जिथं होता, तिथं तिथं हे गाणं होतं. ऐकणाऱ्यांना वाटायचं, कुणी प्रियकर आपल्या पोरीला दाराबाहेर आणखी दोन मिनिटं थांबवतोय. पर्लला खरी गोष्ट माहीत होती. आत्यानंच सांगितली होती. पर्लची आई रोझा तिच्या जन्मानंतर आठव्या दिवशी गेली. पोर रात्रंदिवस रडायची. हर्शेल तिला खांद्यावर टाकून जिन्यावर वरखाली फिरायचा आणि म्हणायचा, "थांब जरा, थांब जरा, दूध येतंय, थांब जरा." हाच डमी. तिसऱ्या दिवशी त्याच डमीचं गाणं झालं.

"आणि बोलताना ते अडखळायचे ना, आत्या?"

"माझ्याशी अडखळायचा. तुझ्याशी एकदाही नाही."

पर्ल तीन वर्षांची असताना हर्शेल न्यूमोनियानं गेला. तिला त्याचं काही म्हणजे काही आठवत नव्हतं, ना आवाज, ना वास. होती ती एवढी गोष्ट. लहानपणी ती ही गोष्ट झोपताना मागायची, आणि मोठी झाल्यावर मैत्रिणींना सांगायची. एका कोटांच्या कारखान्याच्या ऑफिसात ती टायपिंग करायची. तशी मुखदुर्बळ. चार मुलींत असली तर पाचवी खुर्ची आहे की माणूस, कळू नये. पण नाचाच्या हॉलमध्ये ते गाणं लागलं की हीच मुलगी मान ताठ करून म्हणायची, "हे माझं गाणं आहे. जिन्यावरची ती मी."

लेबल हॉलिवूडला गेला तो गेलाच. सणासुदीला संत्र्यांची पेटी पाठवायचा. चिठ्ठीत दोन ओळी, त्याही सेक्रेटरीनं टाइप केलेल्या. टिली संत्री सोलता सोलता त्याला शिव्या घालायची आणि फोडी मात्र आवडीनं खायची.

शेहेचाळीस सालच्या ऑक्टोबरात तो स्वतः दारात उभा राहिला. अंगावर उंटाच्या लोकरीचा कोट, तोंड उन्हानं तांबूस झालेलं, दात पांढरे शुभ्र.

"लेबल, हे दात कुणाचे रे?" टिलीनं विचारलं.

"माझेच. बिल भरलंय." तो हसत आत आला आणि तिला कडकडून मिठी मारली. "टिली, बस. पडशील नाहीतर. माझ्या आयुष्यावर सिनेमा काढतायत."

"तुझ्या आयुष्यावर? कुठल्या बायकोपासून सुरू करणार?"

लेबलची तोवर तीन लग्नं झाली होती. त्याच्या मागून एक लांबोडा, मऊ बोलणारा माणूस आत आला, हातात चामड्याची बॅग. हा पार्कहर्स्ट, सिनेमाची गोष्ट लिहिणारा. ओहायोचा होता बिचारा. लिंबू घातलेला चहा काचेच्या पेल्यात दिला तर पेला कसा धरायचा हे त्याला कळेना, आणि बोटं पोळली तरी तोंडातून हूं की चूं काढलं नाही.

"आणि हर्शेल?" टिलीनं विचारलं. एवढाच प्रश्न तिच्या मनात होता.

"हर्शेलशिवाय माझं आयुष्य कसलं?" लेबल म्हणाला, आणि त्याचे डोळे खरंच भरून आले. "म्हणून तर तुझ्याकडं आलो. याला सगळं सांग. तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे?"

मग काय विचारता! सोळा वर्षं कुणी विचारलं नव्हतं ते एका माणसानं वही उघडून विचारलं. टिलीनं मधाचा केक कापला आणि बोलायला लागली. हर्शेलचं अडखळणं, खाटीक, घरमालकाचा कुत्रा. रोझाची हिरवी चप्पल. आणि जिन्यावरची गोष्ट, पोर खांद्यावर, "थांब जरा, दूध येतंय". पार्कहर्स्टचं पेन थांबलं. "बाई," तो म्हणाला, "हे तर सोनं आहे." पर्ल ऑफिसातून नुकतीच आली होती, दाराच्या चौकटीला टेकून कोट न काढताच ऐकत होती. तिच्याकडं पाहून तो अदबीनं उठून उभा राहिला. "म्हणजे ते मूल याच का?"

"हो," पर्ल म्हणाली. "ती मीच."

लेबलनं टिलीकडं एकदा पाहिलं आणि केकचा दुसरा तुकडा घेतला.

निघताना पार्कहर्स्टनं बॅगेतून कागद काढले. एकावर टिलीची सही हवी होती, हर्शेलची बहीण म्हणून. दुसऱ्यावरही तिचीच, पण पर्लच्या वतीनं, कारण पर्लला एकवीस वर्षं पूर्ण नव्हती.

"हे कशाला रे?" टिलीनं विचारलं.

"अगं, नियमच आहे तसा," लेबल म्हणाला. "सहीशिवाय कुणालाही पडद्यावर दाखवता येत नाही. वकील लोक मागं लागतात."

टिलीनं वाचलं नाही. आता तुम्ही म्हणाल, बाई वेडी की काय! पण ती ज्या धंद्यात वाढली, तिथं सही म्हणजे नाव छापून येणं. प्रकाशकाच्या टेबलावर ज्यानं सही केली, त्याचं नाव मुखपृष्ठावर. ज्यानं केली नाही, त्याची चाल दुसऱ्याच्या नावावर. असे किती तरी तिनं डोळ्यांदेखत पाहिले होते. सही करायला आळस केला म्हणून जन्मभर आपलीच गाणी दुसऱ्याची म्हणून ऐकत बसलेले. म्हणून लहानपणापासून तिच्या डोक्यात एकच पक्कं होतं, की सही कर, म्हणजे तू राहशील. तिनं दोन्ही कागदांवर सही केली, आणि पर्लच्या कागदावर तर जास्तच वळणदार.

"झालं," ती पर्लला म्हणाली. "आता तू सिनेमात."

पुढचं वर्षभर पर्ल वेगळीच मुलगी होती. आरशासमोर जास्त वेळ घालवायची. ऑफिसात तिनं सगळ्या मुलींना सांगितलं. "लहानपणची मी असणार, म्हणजे कुणाचं तरी बाळ घेतील. पण माझे वडील असणार. चालताना, बोलताना. अडखळताना." त्या मुलींनी घोळका करून जायचं ठरवलं. टिलीला एकदा रात्री जेवताना तिनं विचारलं, "आत्या, तो नट त्यांच्यासारखा चालेल का गं? तू सांगितलं होतंस ना, डावा पाय जरा टाकून चालायचे?"

"सांगितलंय मी त्याला. वहीत लिहून घेतलंय त्यानं."

सत्तेचाळीसच्या सप्टेंबरात दोन पास आले, ब्रॉडवेवरच्या मोठ्या थिएटरचे, पहिल्या दिवसाचा दुपारचा खेळ. पर्लनं ऑफिसातून अर्धी रजा काढली. टिलीनं शिकवण्या रद्द केल्या आणि ज्या पोरांची सुटका झाली त्यांनी तिला मनापासून धन्यवाद दिले असणार.

दिवे गेले. रंगीत सिनेमा, ढगांतून पियानो खाली येतोय, आणि नावं सुरू झाली. 'गीतं: लिओ व्हॅन्स आणि हॅरी झारेट.' पर्लनं टिलीचा हात धरला. आहे, म्हणाली टिली मनात, सहीचं काम झालं.

लिओ झालेला नट सहा फूट उंच होता. लेबल टाचा उंचावूनही टिलीच्या कानापर्यंत यायचा. कोंबडीवाल्याच्या घराच्या जागी बागेतलं पांढरं घर होतं आणि बाप व्हायोलिन शिकवत होता. बरं, असू दे, टिली म्हणाली, कोंबड्यांना तिकीट काढून कोण बघेल? मग लिओला पांढऱ्या टोपीची एक मुलगी भेटली. तीन लग्नांतली एकही अशी नव्हती. लेबलनं आयुष्यात तीन बायका केल्या, सिनेमात एकच केली, आणि ती त्या तिघींतली नव्हे! टिली खुदकन हसली. पर्ल हसली नाही. ती वाट बघत होती.

मग हॅरी आला.

शीळ घालत आला, हॅट एका डोळ्यावर ओढलेली, देखणा आणि चपळ, जिना चार-चार पायऱ्यांनी चढणारा. आला तोच बोलायला लागला, आणि असा बोलला की लोक हसून बेजार. एक शब्द अडला नाही. घरात त्याची एक जाडी बहीण होती, तिचा रस्सा करपायचा आणि पियानोवर बसली की सगळे कान झाकायचे. थिएटर खदखदून हसलं. टिलीही सवयीनं हसली, आणि मग तिच्या लक्षात आलं की ही बहीण म्हणजे आपण.

"आत्या, हे असे होते?" पर्लनं हळूच विचारलं.

"गप्प. पुढं बघ."

पुढं हॅरीलाही तीच पांढऱ्या टोपीची मुलगी आवडली. मित्रासाठी त्यानं ते मनातच ठेवलं. एका संध्याकाळी ती मुलगी लिओला भेटून जिन्यावरून निघाली, हॅरीनं वरून पाहिलं, आणि गाणं सुचलं. वरून चाळीस व्हायोलिनं. 'जिन्यावर थांब जरा.' जिनाही कसला, संगमरवरी, दोन्ही बाजूंना मेणबत्त्या. शेजारची बाई मुसमुसायला लागली.

पर्लनं टिलीचा हात सोडला. तरी ती पडद्यावरून नजर काढेना. अजून येईल, रोझा येईल, बाळ येईल, सिनेमा अजून बाकी आहे, असं तिला वाटत होतं. टिलीला ते तिच्या श्वासावरून कळत होतं आणि आता ते येणार नाही हेही. कारण टिलीनं उगाच नव्हती सतरा वर्षं गाणी वाजवली. शेवट जवळ आला की चालीवरून कळतं.

हॅरी हॉस्पिटलच्या पलंगावर, केस नीट विंचरलेले. लिओनं हात धरलेला. आणि हॅरी म्हणाला, "माझ्यामागं कुणी नाही, लिओ. बायको नाही, मूल नाही. फक्त ही गाणी. सांभाळ त्यांना."

आणि मेला.

लोक रडत होते. पर्ल अगदी सरळ बसली होती, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात, डॉक्टरकडं नंबर लावून बसावं तशी.

बाहेर लॉबीत पांढरा पियानो मांडला होता आणि लिओ व्हॅन्स स्वतः बसून सिनेमातली गाणी वाजवत होता. पहिल्या दिवसाची जाहिरात. वह्या घेऊन सह्या मागणाऱ्यांची ही गर्दी. टिली कोपरानं माणसं बाजूला सारत थेट पियानोपाशी गेली आणि झाकणच खाली पाडलं. लेबलनं बोटं काढली म्हणून वाचली.

"टिली! अगं, काय हे? ये, ये. रडलीस की नाही, खरं सांग?"

"रोझा कुठं आहे, लेबल?"

"हळू बोल."

"हळू तुझ्या हॉलिवूडमध्ये. माझ्या भावाची बायको कुठं आहे? ही मुलगी कुठं आहे? माझ्या हातचा केक खाल्लास ना रे, ओहायोच्या त्या बांबूला घेऊन? वहीभर लिहून नेलंत ना?"

लेबल उठला, तिला खांबाआड घेऊन गेला. पर्ल मागोमाग गेली. चेहऱ्यावरचं हसू त्यानं गर्दीसाठी तसंच ठेवलं होतं. "ऐक. बाळंतपणात मेलेली बायको, आई नसलेलं पोर, त्यात बापही मरतो. लोक सुट्टीच्या दिवशी येतात गं, त्यांना थोडंसं रडायचं असतं, इतकं नाही. स्टुडिओ म्हणाला, काढा. मी काय करणार? तुला डमी आठवतो ना? तुझा भाऊच लिहायचा. खरं आयुष्य म्हणजे तसंच असतं, टिली. माप धरून ठेवायला बरं. छापताना कुणी ते तसंच ठेवतं का?"

टिलीचा आवाज चढला. "माझा भाऊ डमी? रोझा डमी? ही जिवंत पोर डमी? आणि तुझी ती टोपीवाली सटवी खरी?"

"तूच सही केलीस ना?"

"तू म्हणालास, सहीशिवाय दाखवता येत नाही!"

"म्हणालो. नाहीच येत. पण सही केली की दाखवूच, असं मी कुठं म्हणालो? त्या कागदात स्पष्ट होतं. कुणाला ठेवायचं, कुणाला गाळायचं, कसं बदलायचं, सगळे हक्क त्यांचे. तुझेही आणि हिचेही. तू हिच्या वतीनं दिलेस."

पर्लनं टिलीकडं पाहिलं. मग लेबलकडं वळून इतक्या हळू बोलली की त्याला वाकावं लागलं. "मिस्टर व्हॅन्स, मला बाकी काही नको होतं. फक्त तो जिना. मी त्यांच्या खांद्यावर होते, तेवढंच. एक मिनिटही लागलं नसतं."

"पोरी..."

"मी ऑफिसात सगळ्यांना सांगितलंय. त्या शनिवारी येणार आहेत."

"केसानं गळा कापलास, लेबल," टिली म्हणाली. आता ती रडत होती आणि तिला त्याची पर्वा नव्हती. "एका जिन्यावर वाढलो रे आपण. बापाच्या खांद्यावरून लेकीला ओढून काढलंस. खोटारड्या!"

हा शब्द चार माणसांनी ऐकला. सह्यांच्या वह्या वळल्या. लेबलच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

"खोटारडा मी?" तो म्हणाला. "कुठला खांदा, टिली? हर्शेलनं त्या पोरीकडं पाहिलं तरी होतं का? रोझासारखं तोंड आहे म्हणून तो खोलीत यायचा नाही. रडली की दार लावून घ्यायचा. मी होतो तिथं, पियानोवर. तू त्या लेखकाला खांदा सांगितलास, मी गप्प बसलो. तुझ्या टेबलावर बसून तुला खोटं पाडलं नाही मी. मला खरंखोटं शिकवू नकोस."

असं म्हणून तो परत पियानोवर जाऊन बसला, आणि झाकण उघडून वाजवायला लागला.

दोघी भुयारी गाडीनं घरी निघाल्या. दुपारचे साडेचार, डब्यात गर्दी नव्हती. समोर एक बाई बटाट्यांची पिशवी घेऊन डुलक्या काढत होती. सात-आठ स्टेशनं गेली. नदी ओलांडून गाडी जमिनीवर आली, डब्यात ऊन पडलं, तेव्हा पर्लनं विचारलं.

"तो म्हणाला ते खरं आहे?"

लेबल एक नंबरचा खोटारडा आहे, एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. पर्लनं विश्वास ठेवला असता. कुणीही ठेवला असता, आत्ताच अडीच तास सगळ्यांनी पाहिलं होतं तो काय करतो ते. टिलीच्या जिभेवर आलंही होतं. पण पांढऱ्या पियानोपाशी ती ज्या तोंडानं 'खोटारड्या' म्हणाली होती, त्याच तोंडानं आता हे कसं म्हणायचं?

"हो," ती म्हणाली.

"मग जिन्यावर कोण होतं?"

"मी."

"आणि 'थांब जरा, दूध येतंय'?"

"मीच म्हणायचे. तुला गप्प करायला. तो आत होता. दारातून ऐकू गेलं असेल, त्याच्या चालीत बसलं, त्यानं घेतलं." टिलीनं डोळे पुसले. "तो वाईट नव्हता गं. रोझा गेली आणि त्याचं डोकं जागेवर नव्हतं. आणखी थोडा जगला असता तर आला असता तुझ्यापाशी. आला असताच."

"मग मला तू तसंच का नाही सांगितलंस? तू होतीस, असं?"

"तुला आत्या होतीच. बाप नव्हता."

पर्ल खिडकीबाहेर बघत राहिली. इमारतींच्या मागच्या बाजू, दोऱ्यांवरचे कपडे. तिचा चेहरा खरंच रोझासारखा होता, आणि रागावली की जास्तच.

"त्या लोकांनी मला गाळलं, ते माझे कुणी नव्हते," ती म्हणाली. "पण मी इतकी वर्षं लोकांना सांगत फिरले, आत्या. प्रत्येक नाचात. मान वर करून. आणि तू समोर बसून ऐकायचीस."

"मला वाटलं..."

"काय वाटलं ते नको सांगू. एक सांग." आता तिनं वळून सरळ तिच्या डोळ्यांत पाहिलं. "त्यांनी मला कधी तरी उचललं होतं का? एकदा तरी? आत्ता खरं सांग."

टिलीकडं एक गोष्ट तयार होती. तीस सालचा रविवार, हर्शेल आजारी पडायच्या आधीचा, निळा स्वेटर, त्यानं अचानक वाकून पोरीला उचललं, आणि तिनं त्याचं नाक धरलं. सगळं एका क्षणात जुळून आलं, अगदी मापात. सांगितलं असतं तर पर्ल रडली असती आणि कदाचित तिचा हात पुन्हा हातात आला असता. टिलीनं तोंड उघडलं.

"नाही," ती म्हणाली.

पर्लनं मान हलवली, ऐकलं अशा अर्थानं. मग ती उठली आणि दाराशी जाऊन उभी राहिली. त्यांचं स्टेशन यायला अजून सहा स्टेशनं होती.